रांजणासाठी सांगितलेली थाप

लिंबाजीवर चार ओळी लिहून द्या म्हणून मला निरोप आला. जिल्ह्याचं कसलंसं पुस्तक निघणार आहे, त्यात निजामाविरुद्धच्या लढ्यात गेलेल्या माणसांची माहिती छापणार आहेत. चार ओळी मी दिल्या. गाव, वय, कुठं पडला, कोणत्या साली. पाचवी ओळ त्याच्या बायकोची लिहिली, तर निरोप्या म्हणाला, "बाईचं कशाला? ती कुठं लढ्यात होती?" मी त्याला दारातूनच वाटेला लावला. वय झालं म्हणून बरं, नाहीतर नुसतं वाटेला लावून भागलं नसतं.

आता ती पाचवी ओळ इथं लिहितो. लांबेल. तिच्यात माझं भलं दिसणार नाही, पण ते आता कुणासाठी जपायचं?

तिचं नाव दैवशाला. गाव चारठाण्यापासून दोन कोसांवर. घरची कोरडवाहू जमीन, दोन बैल, सासू पार्वतीबाई, थोरला दीर किशनराव, आणि नवरा लिंबाजी. मूलबाळ नव्हतं. बेचाळीस साली मी त्या गावात गेलो तेव्हा ती बावीस-तेवीसची असेल. मी परभणीच्या जिनिंगात कापसाच्या गासड्या ओढणारा माणूस. वाचायला शिकलो ते वाण्याच्या पुडीच्या कागदावर. बोलायला मला कुणी शिकवलं नाही, आणि गप्प बसायलाही नाही. उघड सभेला बंदी होती, म्हणून लिंबाजीच्या गोठ्यात दहा-बारा माणसं जमवून मी खादीवर बोललो. टकळ्या वाटल्या. आपलं कापड आपण करा, असं म्हणालो.

दाराआडून आवाज आला. "दादा, तुमच्या आंगावरलं धोतर कुणी इणलं?"

"भांडारातून आणलं," मी म्हणालो.

"म्हंजी तुमाला येत न्हाई."

गोठ्यात हशा पिकला. माझं डोकं फिरलं. पण ती थांबायला तयार नव्हती. "सूत आमी काढू. रंगवायचं कुणी? इणायचं कुणी? नवरा जिता असून आमी बायांनी पांढऱ्या लुगड्यात हिंडावं का?"

"मग शिका की रंगवायला," मी म्हणालो. टोमणाच मारला होता.

"शिकते की," ती म्हणाली.

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. चार महिन्यांनी परत गेलो, तर बाई खरोखर शिकत होती.

गावाच्या टोकाला बायनाबाई राहायची. जातीनं निराळी, म्हणजे निळीनं सूत रंगवणारी. तिच्या अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले तीन रांजण होते आणि आत जमिनीत खड्डा घेऊन बसवलेला माग. नवरा मेला होता, लेक गंगाखेडला दिली होती. दोन रांजणांत पावसाचं पाणी साचून शेवाळ धरलं होतं. एकच जिवंत होता. जिवंत हा तिचाच शब्द. दैवशाला पहिल्यांदा तिच्या दारात गेली तेव्हाचं बोलणं मला लिंबाजीनं सांगितलं. बायनाबाई म्हणाली, "शेतकऱ्याच्या सुनंचं हे काम न्हाई. हात निळे झाले की आठ-आठ दिस जात न्हाईत. मग सासू चुलीला शिवू देईना म्हणून माझ्यापशी रडत येशील."

"न्हाई यायची."

"समद्याच म्हणतात."

"आले तर रांजणात रडंन. तेवढंच पानी वाढंल."

म्हातारी हसली म्हणे. मग तिनं शिकवायला घेतलं.

पहिला महिना नुसतं सूत धुवायला लावलं. राखेच्या पाण्यात लड्या उकळायच्या, ओढ्यावर आपटायच्या, पिळायच्या, परत उकळायच्या. सुतातला तेलकटपणा निघाला नाही तर रंग वरच्यावर बसतो आणि पहिल्या धुण्यात पळून जातो. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं. मग पळस. फाल्गुनात माळावरून पाट्या भरून फुलं आणायची, उकळली की पिवळा रंग उतरतो. बायनाबाई म्हणायची, पळस पावण्यासारखा, चार दिस ऱ्हातो. मग आल. ह्या झाडाची मुळी लागते लाल रंगाला, आणि ती बोटाहून बारीक पाहिजे. जाड मुळीत नुसतं लाकूड. दैवशालानं पहिल्यांदा खणून आणल्या त्या सगळ्या जाड होत्या. म्हातारीनं एक एक मोडून चुलीत घातली आणि म्हणाली, "छान आनलंस. आज सैपाकाला सरपन झालं."

विणायला शिकताना तिचे पाय जास्त रडले. मागावर बसणारानं पाय खड्ड्यात सोडायचे आणि खालच्या दोन फळ्या आळीपाळीनं दाबायच्या. डावा दाबला की अर्धे उभे धागे वर येतात, मधून धोटा सरकवायचा, फणीनं ठोकायचं, मग उजवा. पाय आणि हात एका सुरात आले नाहीत की उभा धागा तुटतो. पहिल्या दिवशी तिनं सतरा धागे तोडले. हे मला माहीत, कारण ती सतरा गाठी दाखवायची. पहिला पंचा विणला तो एका टोकाला दुसऱ्यापेक्षा चार बोटं अरुंद. लिंबाजी तो डोक्याला गुंडाळून चारठाण्याच्या बाजारात गेला. कुणीतरी विचारलं, हा असा वाकडा कसा. तो म्हणाला, "बायकूनं इणलाय. डोस्कं बी आमचं वाकडंच हाय, बरोबर बसतंय."

असा माणूस होता. पुस्तकवाल्यांनी त्याचं वय आणि साल नेलं. हे विचारलं नाही.

निळा रंग शेवटी. बायनाबाईनं त्याला दोन वर्षं लावली. निळीची वडी दगडावर वाटायची, रांजणात चुना, गूळ, टाकळ्याचं उकडलेलं बी घालायचं, झाकायचं, रोज दोन वेळा काठीनं हलवायचं. पाच-सात दिवसांनी वर तांब्यासारखी साय धरते आणि वास बदलतो. मग रंगारी बोट बुडवून जिभेला लावतो. "जिबंला चावला पायजे," बायनाबाई सांगायची, "पन रागानं न्हाई. ल्हान पोरगं चावतंय तसा." रांजण जमला असेल तर आतलं पाणी हिरवट पिवळं असतं. लडी त्यात बुडवून वर काढली की तीही हिरवी, आणि वाऱ्यावर धरली की डोळ्यांदेखत निळी होत जाते. मी हे पाहिलंय. मी देवाधर्माचा माणूस नाही. पण त्या वेळी मी अंगणात पायातल्या वहाणा काढून उभा राहिलो होतो, आणि मला कळलंही नव्हतं.

जिभेला लावायचं सासूला कळलं तेव्हा घरात मोठा तंटा झाला. पार्वतीबाई म्हणाली, "त्या घान पान्याला जीब लावती. आता माझ्या देव्हाऱ्यापशी यायचं काम न्हाई, आन पिठाला बी शिवायचं न्हाई." त्या दिवशी लिंबाजीनं दैवशालाला वेगळ्या तव्यावर भाकर करायला लावली आणि ओसरीवर बसून, सगळ्यांना दिसेल असं, चार भाकरी खाल्ल्या.

आता मुख्य गोष्टीवर येतो.

रांजण कधी कधी रुसतो. सगळं घालूनही वास येत नाही, साय धरत नाही, लडी काढली की राखेच्या रंगाची निघते. निराळी लोकांत ह्यावर एक उपाय आहे. गावात एक थाप सोडायची. ती लोकांनी खरी मानली आणि तोंडोतोंडी लांब गेली, की रांजण जमतो. हे ऐकून मी हसलो होतो. बायनाबाईनं माझ्यादेखत एक थाप सोडली. पोखर्णीच्या रस्त्यावर एक बोकड गाडीतून उतरला आणि त्यानं पाटलाला रामराम घातला. दुसऱ्या दिवशी ती थाप जिंतूरहून आमच्याकडं परत आली, तोवर बोकडाच्या डोक्यावर पागोटं आलं होतं. आणि रांजणावर साय धरलेली होती.

"हे उन्हानं झालंय," मी म्हणालो. "काल ढग होते, आज ऊन पडलं. असल्या खुळ्या समजुतींनीच आपण मागं राहिलो."

"आसंल की," म्हातारी म्हणाली. "पन पुढारी, तुमी बी त्येच करताव. यंदा सवराज येनार म्हणून किती साल सांगायलाव? आमचा रांजन तरी दुसऱ्या दिशी येतो."

दैवशाला इतकी हसली की तिच्या हातातली लडी खाली पडली. मी रागानं उठून गेलो.

पण त्या थापेलाही कायदा होता. बायनाबाईनं तो दैवशालाला पाठ करून घेतला होता. थाप अशी असावी की ऐकणारानं हसत पुढं न्यावी. तिच्यात मरणाचं नाव घ्यायचं नाही, सरकारचं घ्यायचं नाही, आपल्या घरच्या माणसाला लागेल असं काही बोलायचं नाही. आणि थाप कुणाची, हे कधीही उघड करायचं नाही. उघड झालं की रांजण मेला.

सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर लिंबाजी गेला. सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात आमचं शिबिर होतं, तिथं. तो गेल्यावर महिन्याभरातच किशनरावानं भावजयीला सांगितलं, माहेरी जाऊन राहा, तो आला की बोलावू. त्यालाही फार दोष देत नाही. घरातला माणूस शिबिरात आहे हे कळलं तर घर जळायचं, असे दिवस होते. पण दैवशाला म्हणाली, "ते येतील तवा मी ह्याच दारात पायजे. मी तुमचं खाणार न्हाई. मपलं मी कमवंन."

आणि कमवता येत होतं. हिंदुस्थान सरकारनं केलेल्या नाकेबंदीमुळं गिरणीचं कापड येणं थांबलं होतं. बायाबापड्यांना नेसायला लुगडं मिळत नव्हतं. पण लाल-पिवळं कुणी विचारत नव्हतं. शेतात राबणारी बाई निळंच मागते, मळत नाही आणि धुऊन जात नाही. म्हणजे दारात राहायचं तर रांजण जिवंत पाहिजे. तिचं सगळं त्या एका रांजणावर आलं होतं.

माघात बायनाबाई वारली. जाताना माग, रांजण आणि एक गाडगं दैवशालाच्या हवाली केलं. गाडग्यात निळीच्या वड्या होत्या. एकदा रांजण लावायला पुरतील एवढ्याच. नवी नीळ कुठून येणार नव्हती.

उन्हाळा लागल्यावर तिनं एकटीनं पहिल्यांदा रांजण लावला. दहा दिवस झाले. साय नाही, वास नाही. बोट जिभेला लावलं तर नुसतं चुन्याचं पाणी. पुढचं मला तिनंच सांगितलं. तिनं आधी कायद्यातलीच थाप सोडली. चारठाण्याच्या देवळापुढचा दगडी नंदी पाणी प्यायला उठला. ती थाप गावाच्या वेशीपर्यंतही गेली नाही. एका बाईनं तर तिच्या तोंडावर म्हटलं, "कुटं हसायलीस माय, लोकांची घरं जळायलीत." त्या साली लोकांना एकाच जातीची बातमी लागत होती. बंदुका कुठं आल्या, कुठून गेल्या. बाकी कशाला कान नव्हते.

गावाच्या उत्तरेला पूर्णा नदी. उन्हाळ्यात तिथं एका ठिकाणी मांडीएवढं पाणी असतं, त्या उतारानं पलीकडं वऱ्हाडाची वाट लागते. त्या उतारावर बंदूकवाल्यांनी चौकी टाकली होती. त्यांचं नाव मी इथं घालत नाही, त्यांना पुरेसं नाव मिळालंय.

अकराव्या दिवशी विहिरीवर दैवशाला छबूबाईला म्हणाली, "ऐकलं का? उतारावरली चौकी उठली म्हनं. तंबू गुंडाळून गेले."

"कोन म्हनलं?"

"गुराखी बोलायले हुते."

छबूबाईनं घागर तशीच काठावर ठेवली आणि गावात पळाली.

दैवशालाचा हिशेब असा होता. गावात थोडा आनंद होईल, चार लोक नीट झोपतील. उतारानं जाणार कोण? ज्यांना जायचं ते केव्हाच गेले. आणि ही बातमी पूर्णेपलीकडं नेणारं तिला कुणी दिसत नव्हतं. मी तिकडं जातो-येतो हे तिला माहीत नव्हतं. कुणालाच सांगत नव्हतो. त्याचाही मला अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांजणावर तांबूस साय होती. तिनं बोट जिभेला लावलं. ल्हान पोरगं चावतंय तसं. पहिली लडी हिरवी निघाली आणि वाऱ्यावर निळी झाली. बायनाबाईच्या हाताला कधी आला नव्हता असा निळा. त्या दिवशी तिनं चौदा लड्या रंगवल्या.

त्याच आठवड्यात मी चारठाण्याच्या बाजारात होतो. खबरा गोळा करून शिबिरात पोचवायच्या, हे माझं काम. माझा एक नेम होता. तीन तोंडांतून आल्याशिवाय खबर घ्यायची नाही. पाच वर्षांत माझी एकही खबर खोटी निघाली नव्हती, आणि शिबिरातले शिकलेले लोकसुद्धा मला विचारून पाऊल टाकायचे. बाजारात पानवाल्यानं सांगितलं, उतारावरची चौकी उठली. गाडीवानानं सांगितलं, उठली, जाताना भात शिजवायचं पातेलं विसरून गेले. मेंढ्या विकायला आलेला एक जण म्हणाला, त्यांचे घोडे जिंतूरकडं जाताना पाहिले. तीन तोंडं झाली. तपशील वेगळे होते म्हणून तर माझी खात्री पटली. ज्याला त्याला मी सांगत असे की खोटी बातमी सगळीकडं एकाच साच्याची असते. त्या तिघांनी कुणाकडून ऐकलं, हे मी विचारलं नाही. उतारापर्यंत जाऊन पाहिलंही नाही. पाहायला अर्धा दिवस लागला असता.

मी नेहमीच्या वळशानं, डोंगराकडून, दोन दिवस चालत शिबिरात पोचलो. लिंबाजी तापानं अंथरुणावर होता. महिनाभर ताप येत-जात होता, अंगावर मांस उरलं नव्हतं. वळशाच्या वाटेनं त्याला जमलंच नसतं.

"उतार मोकळा झालाय," मी म्हणालो.

"कुनाची खबर?"

"माझी."

मग त्यानं पुढं विचारलं नाही. "दोन दिस घरी निजतो आन येतो," म्हणाला. "हितली भाकर खाऊन तोंडाची चव गेली." आश्रुबा नावाचा जोडीदार त्याच्याबरोबर निघाला. भर दुपारी दोघं उतारात शिरले, उघडे, काही न लपवता, बाजाराला निघाल्यासारखे. चौकी होती तिथंच होती, काठावरच्या झाडांत. लिंबाजी नदीच्या मध्यावर पडला. आश्रुबा पाण्याखालून खालच्या डोहाकडं निसटला.

खबर सांगायला घरी मीच गेलो, आश्रुबाला घेऊन. अंगणात दोरीवर निळ्या लड्या वाळत होत्या. पार्वतीबाईनं हंबरडा फोडला. किशनराव ओसरीच्या खांबाला धरून खाली बसला. दैवशाला रडली नाही. तिनं आश्रुबाला विचारलं, "उघडे कामून गेले? ते तर लय जपून ऱ्हायचे."

आश्रुबा म्हणाला, "वैनी, चौकी उठली अशी खबर हुती."

ती जागच्या जागी खाली बसली. मग म्हणाली, "तिकडं कुनी सांगितली?"

आश्रुबानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "सगळीकडंच होती. हवेत होती."

माझ्या तोंडून हे किती सहज आलं, ते मला आजही आठवतं. जणू पान-सुपारी मागितली.

पुढच्या बाजाराला, सुतक संपायच्या आत, ती चारठाण्याला गेली. सुतकातली बाई बाजारात येत नाही. लोक बाजूला सरकले. ती धान्याच्या ओळीपाशी, जिथं सगळ्यात जास्त माणसं असतात, तिथं उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "उतारावरली चौकी उठली न्हाई. ती थाप मपली हाय. माझा रांजन रुसला हुता म्हणून मी सोडली. ज्यांच्या कानावर गेली आसंल त्यांनी पुढं सांगा, उताराला जाऊ नका. माझा मानूस गेला त्या थापंनं."

पहिल्यांदा कुणाला समजलंच नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "रांजनासाटी नवरा घातला गं बाई." मग दुसरं कुणी काही, तिसरं कुणी काही. कुणीतरी ढेकूळ मारलं. ती तिथून हलली नाही. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तेच परत म्हणाली. मग गाडीतळावर जाऊन परत. नायगाव की कुठल्या गावचे दोन गाडीवान त्या दिवशी उतारानं जाणार होते, ते माघारी फिरले, हे मी स्वतः पाहिलं.

मी तिथं लिंबाखाली उभा होतो. चार पावलं पुढं जाऊन म्हणायचं होतं, की पलीकडं नेली ती मी नेली. बाईची थाप गावातच विरली असती, तिला पाय मी दिले. मी पुढं गेलो नाही. उलट शिबिरात जाऊन मी खुलासा केला. एका खुळ्या समजुतीच्या बाईनं थाप पसरवली होती, असं सांगितलं. तिचं नावही सांगितलं. सगळे म्हणाले, तुमचा काय दोष. माझी पत होती तशी राहिली.

तिची थाप उघड झाली आणि चौथ्या दिवशी रांजण नासला. मी म्हणेन ऊन वाढलं होतं, चुना कमी पडला असेल. पण नासला. दारात राहायचं कारणच संपलं होतं. किशनरावानं तिला हाकललं म्हणतात, ते खरं नाही. ती आपण होऊन निघाली. माहेरच्यांनी घेतली नाही. बायनाबाईच्या लेकीनं, नर्मदाबाईनं, तिला गंगाखेडला ठेवून घेतलं. तिच्याकडंही माग होता.

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. आम्ही मिरवणुका काढल्या. माझ्या गळ्यात हार पडले, मी ते घातलेही. दिवाळीच्या सुमाराला मी गंगाखेडला गेलो. नदीकडच्या आळीत घर सापडलं. ती मागावर होती, पाय खड्ड्यात, दुसऱ्या कुणाचं तरी पांढरं सूत विणत होती. हात आता सरळ चालत होते. एकही धागा तुटत नव्हता.

मी उंबऱ्यावर बसलो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. शेवटी म्हणालो, "दैवशालाबाई, ती खबर शिबिरात मी नेली होती."

"ठावं हाय," ती म्हणाली. धोटा थांबला नाही. "आश्रुबानं त्याच दिशी सांगितलं."

म्हणजे बाजाराच्या दिवशी तिला हे माहीत होतं. मी तिच्यापासून वीस हातांवर उभा होतो, तेही तिनं पाहिलं असणार.

"मग बाजारात माझं नाव का नाही घेतलं?" मी म्हणालो. आवाज चढला. राग आला की माझा आवाज चढतो, आणि त्या वेळी कुणाचा राग आला होता ते मला कळत नव्हतं. "निम्मी ढेकळं माझ्यावर आली असती. घ्यायला पाहिजे होतं."

तिनं फणी ठोकली. मग पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"दादा, माझं कुनी ऐकायचं हुतं? मी तर थाप मारनारी. बाजारातल्या निम्म्या लोकांना तवा बी वाटलं की मी आत्ता खोटं बोलायले. तुमी शिबिरात जाऊन सांगितलं तवा लोकांनी उतार सोडला. तुमचं बी नाव खराब केलं आसतं तर मग खरी खबर कुनी नेली आसती? आजूक चार बाया माझ्यासारक्या झाल्या आसत्या."

मी तिचं नाव शिबिरात कसं घेतलं होतं, तेही तिला माहीत असेल का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

आतून नर्मदाबाईनं चहा टाकू का म्हणून विचारलं.

"नगं," दैवशाला म्हणाली. "त्यांना गाडीला जायचंय."

मला गाडीला जायचं नव्हतं. गाडी दुसऱ्या दिवशीची होती. मी उठलो आणि स्टेशनावर जाऊन बसलो.